सावड आणि आरोग्यविमा

आमच्या वडिवळ्यात भातलावणीचे दिवस आले की सावड सुरू होते. आज तुमच्या खाचरात आम्ही, उद्या आमच्या खाचरात तुम्ही. मजुरीला पैसा नसला तरी कुणाची लावणी अडत नाही. मात्र सावडीचा एक अलिखित नियम आहे : जो दुसऱ्याच्या चिखलात उतरला नाही, त्याच्या खाचरात कोणी उतरत नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकात विम्याचे प्रकरण वाचताना मला वारंवार ही सावड आठवली. पण हा विषय मी पुस्तकातून शिकले नाही. तो घरातच शिकावा लागला.

२०२५ च्या आषाढात लावणी करताना वडिलांच्या तळपायात काच रुतली. त्यांना मधुमेह आहे. आठ दिवसांत जखम चिघळली. आम्ही घाबरून, जे खाजगी रुग्णालय प्रथम दिसले तेथे त्यांना दाखल केले. वडील घरी आले तेव्हा पाय शाबूत होता. गोठ्यातली म्हैस मात्र गेली होती. शासकीय योजनेची चौकशी आम्ही केली ती बिल हाती पडल्यावर. ते रुग्णालय योजनेत नव्हतेच.

वास्तविक वर्षापूर्वीपर्यंत वडिलांना विम्याचे छत्र होते. ते तळेगावच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होते. मालक आणि कामगार दोघांनी मिळून आजारपणाचा निधी उभारावा ही कल्पना जर्मनीत १८८३ च्या कायद्याने रूढ झाली. आपल्याकडे १९४८ चा कायदा होऊन १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे कर्मचारी राज्य विमा योजना सुरू झाली. २०१९ मध्ये वर्गणीचे दर कमी झाले, तेव्हा कामगाराचा वाटा वेतनाच्या पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के ठरला. म्हणजे शंभरातले पंचाहत्तर पैसे देऊन सारे कुटुंब सुरक्षित! पण हे छत्र नोकरीच्या खांबावर उभे असते. वडिलांचा ठेका मार्च २०२४ अखेर संपला. ऑक्टोबर ते मार्च या काळात भरलेल्या वर्गणीचा लाभ नियमाप्रमाणे पुढील जुलै ते डिसेंबर मिळतो; तोही संपला. काच रुतली तेव्हा आम्ही उघड्यावर होतो.

शेतकरी, दूधवाले, रिक्षावाले, ठेक्यावरचे कामगार या सर्वांची स्थिती अशीच असते. त्यांनी कोणते दार ठोठवावे?

पहिले दार शासनाचे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत ‘राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना’ सुरू झाली व पुढे राज्यभर पसरली. २०१७ पासून तिचे नाव ‘महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना’ आहे. आरंभी ती ठरावीक शिधापत्रिकाधारकांपुरती होती आणि वर्षाला कुटुंबामागे दीड लाखाचे संरक्षण देई. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातील सर्व कुटुंबांना खुली झाली आणि रक्कम पाच लाख झाली. केंद्राची ‘आयुष्मान भारत’ योजना २०१८ ची. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, तिचा लाभ मिळतो. आमच्या आजीचे कार्ड त्यातलेच.

या योजनेत हप्ता नाही. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. रुग्णालय योजनेत नोंदलेले असावे लागते, उपचार यादीत असावा लागतो, आणि दाखल होतानाच तेथील आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका व ओळखपत्र दाखवून मंजुरी घ्यावी लागते. रोजच्या गोळ्यांचा खर्च यात येत नाही. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतील तपासणी व उपचार निःशुल्क आहेत.

दुसरे दार विकतच्या विम्याचे. सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ आणली, तेव्हापासून मालकावाचूनही माणूस स्वतःचा विमा उतरवू शकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा अठरा टक्के वस्तू व सेवा कर उठला, म्हणून दिवाळीनंतर आम्ही एका एजंटाला घरी बोलावले. अर्जात मधुमेहाचा रकाना आला. एजंट हळूच म्हणाला, “गोळी एकच आहे ना काका? मग कशाला लिहिता? हप्ता वाढेल.”

वडील माझ्याकडे पाहू लागले. मलाही क्षणभर मोह पडला, हे कबूल केले पाहिजे. तेवढ्यात चुलीपाशी बसलेली आई म्हणाली, “खोटं लिहून घेतलेला कागद येळंला उभा ऱ्हाईल का?”

आईने विमाशास्त्राचे सार एका वाक्यात सांगितले. जुना आजार लपवला आणि पुढे दाव्याच्या वेळी तो उघडकीस आला, तर कंपनी दावा नाकारू शकते, पॉलिसीच रद्द करू शकते. वर्षानुवर्षे भरलेले हप्ते फुकट जातात. आजार सांगितला, तर हप्ता वाढू शकतो आणि त्या आजारासाठी प्रतीक्षाकाल लागतो. २०२४ च्या नियमांनी हा काल जास्तीत जास्त छत्तीस महिने केला. पूर्वी तो अठ्ठेचाळीस असे. शिवाय नव्या पॉलिसीत अपघात वगळता अन्य आजारांसाठी पहिले तीस दिवस थांबावे लागते.

हा नियम प्रथम मला जाचक वाटला. पण सावडीचा विचार केला आणि उलगडा झाला. प्रत्येक जण आजारी पडल्यावरच निधीत पैसे टाकू लागला तर निधी उरेल कसा? स्वतःची लावणी आली की तेवढ्यापुरता सावडीत येणारा माणूस जसा चालत नाही, तसेच हे.

आम्ही रकान्यात खरे तेच लिहिले. हप्ता वाढला, मधुमेहाला तीन वर्षांची अट लागली. वडील हसून म्हणाले, “म्हंजे तीन वर्सं म्या आजारी पडायचं न्हाई तर!” तोवर शासनाच्या कार्डावर आमची भिस्त आहे. पैसा फुकट गेला असे मात्र ते म्हणत नाहीत. निरोगी राहिलो तर आपला हप्ता दुसऱ्याच्या खाचरात राबला, एवढेच.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळांना पदवीनंतर लागलीच कायमची नोकरी मिळणार नाही. तेव्हा वय लहान, शरीर धडधाकट असतानाच चौकशी करावी. घरची शिधापत्रिका कोठे आहे, जवळचे कोणते रुग्णालय योजनेत आहे, हे आजच पाहून ठेवावे. मी ती नावे एका कागदावर लिहून दाराआड, कॅलेंडरशेजारी चिकटवली आहेत. आमच्या घरी तो कागद एक म्हैस उशिरा लागला.