वाहतूक सुरक्षितता आणि पोलीस नेतृत्व : व्हिक्टोरियाचा अनुभव

रस्त्यावरील अपघातांचा प्रश्न निघाला की दंड वाढवावा, कायदा अधिक कडक करावा, अशी सूचना सर्वप्रथम पुढे येते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

१९७० साली या राज्यात रस्त्यांवर १,०६१ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेथे सीट बेल्ट सक्तीचा झाला. असा कायदा करणारे ते जगातील पहिले राज्य होय. १९७६ मध्ये कोणत्याही वाहनचालकास थांबवून श्वासाची तपासणी करण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला. कायद्याची बाजू अशी भक्कम होती. मृत्यूंची संख्या घटलीही. तथापि १९८९ साली ती अद्याप पावणेआठशेच्या घरात होती.

उणीव होती ती अंमलबजावणीत. गस्तीच्या मोटारीतून तुरळक तपासणी होई आणि आपण सापडू असे चालकास वाटतच नसे. १९८९च्या सुमारास धोरण बदलले. दुरूनही ओळखू येतील अशा मोठ्या बसगाड्या रस्त्याकडेला उभ्या राहू लागल्या व येणाऱ्याजाणाऱ्यांची सरसकट तपासणी सुरू झाली. वेग टिपणारे कॅमेरेही आले. अपघातग्रस्तांना भरपाई देणाऱ्या तेथील परिवहन अपघात आयोगाने या साधनांना पैसा पुरविला, प्रचाराची जबाबदारीही घेतली. १९९२ साली मृतांची संख्या ३९६ झाली. त्या काळातील आर्थिक मंदी आणि धोकादायक जागांची दुरुस्ती यांचाही या घटीत वाटा होता, हे नमूद केले पाहिजे.

येथे नेतृत्वाचा प्रश्न येतो. वरिष्ठ अधिकारी "खटले किती केले?" असे विचारीत असतील, तर पथक खटले सहज मिळतील तेथेच उभे राहणार, म्हणजे भर दुपारी, शहरातील चौकात. अपघात मात्र रात्री, गावाबाहेरच्या वळणावर होतो. "कोणत्या जागी, कोणत्या वेळी, किती वाहने थांबविली?" हा प्रश्न विचारला की पथकाची जागा आपोआप बदलते. तपासणीत निर्दोष ठरलेला चालक म्हणजे वाया गेलेले श्रम नव्हेत. नाक्यावर तपासणी चालू आहे, हे तोच चार जणांना सांगतो.

व्हिक्टोरियाची पद्धत जशीच्या तशी आपल्याकडे आणता येणार नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०३ नुसार श्वासतपासणीसाठी वाजवी संशय असावा लागतो. परंतु नाकाबंदी कोठे व केव्हा करावी, हे ठरविणे पूर्णतः पोलीस अधिकाऱ्याच्या हाती आहे. सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे दगावली, तर राष्ट्रीय महामार्गावरील ती जागा अपघातप्रवण मानली जाते. हा निकष लागू होईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. ज्यांची नोंदच होत नाही असे किरकोळ अपघात गावाला ठाऊक असतात. पोलीस पाटील, सरपंच आणि रस्त्यालगतच्या शाळेचे मुख्याध्यापक यांच्याकडून जागा व वेळ यांची माहिती दरमहा मागवून ठाण्यातील नोंदवहीत टिपावी आणि पुढील महिन्याची नाकाबंदी त्या नोंदीवरून आखावी. यासाठी नवा कायदा लागत नाही.