पश्चात कोण कोण?

पुणे, रविवार सकाळ

चि. बबडीस,


पत्रकारितेच्या वर्गाला कायदा, आचारसंहिता आणि मृत्युलेख असे तीन विषय तुझ्या गळ्यात आलेत, आणि मृत्युलेख तू ‘शेवटी वेळ उरला तर’ घेणार म्हणतेस. उलटं कर. पहिल्याच तासाला तो घे, बाकीचे दोन त्याच्या मागून येतील. बातमीतली चूक दाखवायला ज्याच्याविषयी लिहिलं तो माणूस फोन करतो. इथं तो करत नाही.

आमच्याकडे रात्रपाळीच्या नवख्या उपसंपादकाच्या माथी निधनवार्ता मारत. घरून चिठ्ठी यायची: नाव, वय, ‘वृद्धापकाळाने’, अंत्ययात्रा किती वाजता, आणि शेवटी ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे’. एका निवृत्त शिक्षकांची अशीच चिठ्ठी मी जशीच्या तशी लावली. तिसऱ्या दिवशी चाळिशीची एक बाई कात्रण घेऊन टेबलापुढे उभी. “मी त्यांची मुलगी. मी पश्चात नाही का?” जातीबाहेर लग्न केलं म्हणून घरानं तिच्याशी संबंध तोडले होते. चिठ्ठी भावाची होती.

दुसऱ्या दिवशी त्याच सदरात, त्याच जागी दोन ओळींची दुरुस्ती छापली. मग भावाचा फोन आला. त्याची भाषा तुला कशाला सांगू. चिठ्ठी कुणी दिली, असं तिनं विचारलं होतं तेव्हा मी ‘घरून आली’ एवढंच म्हणालो होतो. ते बरोबर होतं का, यावर तुझ्या वर्गात तासभर भांडण होऊ दे. माझं अजून नक्की ठरलेलं नाही. मात्र त्यानंतर चिठ्ठीवरच्या नंबरला फोन लावून ‘मुली किती?’ विचारल्याशिवाय मी एकही निधनवार्ता सोडली नाही.

यात कायदा कुठंच मोडला नव्हता, हे मुलांना आधी कळू दे. मग कायदा काढ. मेलेल्याची बदनामी होत नाही, असं सगळे म्हणतात. अर्धंच खरं. मेलेल्याच्या नावानं दिवाणी दावा लावता येत नाही, पण फौजदारीची वाट उघडी असते. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वीचं दंडविधानातलं ४९९, याचं पहिलं स्पष्टीकरण वाचून दाखव. जिवंतपणी ज्यानं नावाला बट्टा लागला असता असा आरोप, घरच्यांच्या किंवा जवळच्या नातलगांच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं केला, तर तो मृताविषयीचा असला तरी बदनामी ठरू शकतो. आणि ‘पण ते खरं आहे’ म्हणून सुटका होत नाही. पहिल्या अपवादाला खरेपणाबरोबर लोकहितही लागतं. मुलं हा दुसरा शब्द हमखास विसरतात.

कागद तपासण्याचं महत्त्व सांगायचं तर बर्वे प्रकरण घे. कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाबद्दल ‘केसरी’ आणि ‘मराठा’नं दिवाण बर्व्यांवर लिहिलं. आधार होता पत्रांचा, आणि ती पत्रं बनावट निघाली. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. हेतू शुद्ध होता, कागद खोटा होता. पुढे दोघांचं बिनसलं, ते शेवटपर्यंत. १७ जून १८९५ ला आगरकर अवघ्या ३८व्या वर्षी गेले, तेव्हा ‘केसरी’तला मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. ज्याच्याशी वर्षानुवर्षं भांडलो त्याच्यावर काय लिहावं आणि काय गाळावं, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. जुना अंक मिळवून वर्गात वाच.

दुसरं उदाहरण जयप्रकाश नारायणांचं. २२ मार्च १९७९ ला पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत जेपी गेल्याचं सांगितलं. सभागृहानं श्रद्धांजली वाहिली, कामकाज तहकूब झालं. जेपी मुंबईत पेडर रोडवरच्या जसलोक रुग्णालयात जिवंत होते! ते गेले ८ ऑक्टोबरला. पंतप्रधानांपेक्षा मोठं सूत्र कुठलं आणायचं, असं मुलं विचारतील. पण पंतप्रधान दिल्लीत होते आणि बातमी पेडर रोडवर होती. खाटेजवळचा डॉक्टर किंवा घरचं माणूस, यांच्याशिवाय कुणाचं ऐकायचं नाही. आता तर दर महिन्याला मोबाइलवर कुणी ना कुणी नट मारला जातो.

शब्दांचं थोडं. ‘काळाच्या पडद्याआड’ आणि ‘कधीही न भरून येणारी पोकळी’ यांना वर्गात बंदी घाल. ‘कै.’ सगळ्यांना लावू नकोस, कैलासाशी प्रत्येकाचा संबंध नसतो. बौद्ध घरात ‘कालकथित’ म्हणतात, मुसलमान घरात ‘पैगंबरवासी’ झाले म्हणतात. काय लिहू, ते घरच्यांनाच विचारावं.

आत्महत्या असेल तर पद्धत, जागा, चिठ्ठीतला मजकूर लिहायचा नाही. प्रेस कौन्सिलनं २०१९ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या आहेत, त्यांच्या प्रती वाट. घरच्यांनी कारण देऊ नका म्हटलं आणि माणूस सार्वजनिक जीवनातला नसेल, तर देऊ नये. पण म्हणून ‘अल्पशा आजाराने’ असंही लिहू नये. गाळणं चालेल, खोटं चालणार नाही. माझं मत इथं पक्कं आहे.

आणि ते ‘स्वतःचा मृत्युलेख लिहा’ प्रकरण करू नकोस. पोरं स्वतःला नोबेल देऊन मोकळी होतात. त्यापेक्षा प्रत्येकाला गल्लीतल्या एखाद्या गेलेल्या माणसाच्या घरी पाठव. इस्त्रीवाला, पोस्टमन, पोळ्या करणाऱ्या मावशी, कुणीही. तेराव्यानंतर. चहा घ्यायचा, वही लगेच काढायची नाही, आणि नावाचं स्पेलिंग, वय, गाव या तीन गोष्टी दोघांकडून विचारून घ्यायच्या. दोघांची उत्तरं जुळत नाहीत, हे कळेल तिथून शिकवायला सुरुवात कर.

माझ्यावर कधी लिहावं लागलं तर एक सांगून ठेवतो. शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख १ जून आहे. ती मास्तरांनी टाकलेली. खरी तुझ्या आईला ठाऊक आहे, ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. या दिवाळीत आलीस की विचारून घे.

तुझा,
मामा