दंतवैद्यांकडे जाण्यापूर्वी

पहिलीत दाखल होणारे मूल साधारण ६ वर्षांचे असते. याच वयात दुधाच्या २० दातांच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नसल्याने पालक, आणि क्वचित आम्ही शिक्षकही, तिला दुधाचीच समजतो. किडली तरी ‘पडेलच’ म्हणतो. ती पुन्हा येत नाही. म्हणून नव्या मुलांना आम्ही नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात नेतो. आदल्या संध्याकाळी वसतिगृहातच खुर्चीवर बसवून, हाती आरसा देऊन दात मोजायला लावतो. ‘मस्ती केलीस तर सुई टोचतील’ हा धाक आम्ही बंद केला. ‘मुळीच दुखणार नाही’ असेही सांगत नाही. एकदा फसलेले मूल पुन्हा तोंड उघडत नाही. दुखले तर डावा हात वर कर, डॉक्टर थांबतील, एवढेच सांगतो. आणि डॉक्टरांशी तसे आधी ठरवून घेतो.