विकत घेतलेल्या वस्तूची प्रत : हक्क कोठपर्यंत?

गेल्या रमजानमध्ये तरावीहनंतर एका तरुणाने मला विचारले, "मौलाना, किरअतची सीडी मी पैसे देऊन घेतली होती. आता ती वाजवायला घरात यंत्रच उरले नाही. मोबाईलमध्ये उतरवून घेतली तर गुनाह होईल का?"

जुन्या फुकहांसमोर हा प्रश्न या रूपात नव्हता. हस्तलिखिताची नक्कल करणाऱ्या वर्राकला महिनोन्महिने लेखणी झिजवावी लागे. निव्वळ हक्क हा 'माल' नव्हे, या तत्त्वावर हनफी परंपरेतील अनेक उलेमांनी ग्रंथकाराचा हक्क विक्रीयोग्य मानला नाही. छपाई आणि मागाहून संगणक आल्यावर उलेमांना याचा पुनर्विचार करावा लागला. १९८८ साली कुवैतच्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने लेखन व संशोधनाचे हक्क शरीअतने संरक्षित असल्याचा ठराव केला.

मग ग्राहकाला काहीच हक्क उरत नाही काय? तसे नव्हे. आधी व्यवहार कोणता झाला, हे पाहावे. सीडी अथवा ग्रंथ विकत घेतला, तर ती 'बै' होय. वस्तूची मिलकियत आपल्याकडे येते. मासिक वर्गणी भरून ऐकणे-पाहणे हा व्यवहार इजाऱ्याच्या, म्हणजे भाड्याच्या जवळचा आहे. भाड्याच्या घरात राहता येते, त्याच्या विटा काढून नेता येत नाहीत. करार पाळण्याची आज्ञा सूरह अल-माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे, आणि हलालला हराम न करणाऱ्या अटी मुस्लिमांवर बंधनकारक असल्याचे हदीसमधून स्पष्ट होते.

जेथे अट घातलेली नसते, तेथे फिकह उर्फकडे, म्हणजे रूढ व्यवहाराकडे पाहतो. सीडी घेणारा ती आपल्या मोबाईलमध्ये ऐकेल, हे विक्रेत्यालाही ठाऊक असते. देशाचा कायदाही येथे आड येत नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये खासगी वा व्यक्तिगत उपयोगासाठी 'उचित व्यवहारा'ची मुभा असून २०१२ च्या दुरुस्तीने ती संगणक प्रणाली वगळता सर्व कृतींना लागू झाली. संगणक प्रणालीची राखीव प्रत ठेवण्याची तरतूद वेगळी आहे. मात्र हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडणे हा गुन्हा ठरतो. त्या तरुणाला मी होकार दिला. मूळ सीडी कुणाला विकली वा भेट दिली, तर मोबाईलमधील प्रतही पुसावी, एवढे बजावले. एका किमतीत दोन घरे चालवता येत नाहीत.

खरी अडचण पुढे आहे, आणि तिच्यात मी स्वतः सापडलो होतो. एका छोट्या प्रकाशकाचे मराठी हदीस-संकलन मी विकत घेतले, पानांची छायाचित्रे काढली आणि मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. दीनचे ज्ञान लपवू नये, ही हदीस मनात होतीच! पण ज्ञान शिकवणे वेगळे आणि अनुवादक व जुळारी यांच्या श्रमाचे फळ परस्पर वाटणे वेगळे. मस्जिदमध्ये तेच संकलन मी वाचून समजावले असते, तर कुणाचे काही बुडाले नसते.

हुकूकुल-इबाद केवळ तौबाने फिटत नाहीत. ज्याचा हक्क त्याला द्यावा लागतो किंवा त्याची माफी मिळवावी लागते. गटातील चित्रे पुसून मी प्रकाशकाला फोन केला. त्यांनी माफ केले. ज्यांनी ती पाने आधीच उतरवून घेतली होती, त्यांच्यासाठी बारा प्रती मागवल्या. त्यांपैकी सात जणांनी किंमत दिली, उरलेल्या मी दिल्या.