रब्बीच्या पिकांतील अंकरी : ओळख व बंदोबस्त

उत्तर व मध्य हिंदुस्थानांत गहूं, हरभरा व मसूर यांच्या शेतांत पौषाच्या सुमारास एक नाजूक वेल पिकाच्या ताटांस धरून वर चढलेली आढळते. हीच अंकरी होय. वनस्पतिशास्त्रांत हिला व्हिसिया सटायव्हा म्हणतात. ही वाटाण्याच्या कुळांतील असून हिच्या मुळांवरील गांठींत नत्र सांठतो. हिरवी असतां जनावरें ती आवडीनें खातात. परंतु धान्याच्या शेतांत ती तणच होय, आणि बाहेरून आणलेल्या बियाण्यांतून ती कोठेंही शिरूं शकते. म्हणून तिच्या खुणा आम्ही येथें क्रमानें देतों.

प्रथम पान पाहावें. एका देठावर बहुधा ३ ते ८ दलांच्या जोड्या असतात. देठाच्या शेवटीं दल नसून फांटे फुटलेला तणावा असतो. त्याच्याच योगानें वेल आधार पकडते. देठाच्या बुडाशीं दोन लहान उपपर्णें असून त्यांवर बहुधा काळसर ठिपका दिसतो. ही मधुरसाची ग्रंथि असल्यामुळें तेथें मुंग्या फिरतांना आढळतात. फुलें जांभळट गुलाबी, पानाच्या बेचक्यांत एक किंवा दोन, जवळजवळ बिनदेठाचीं असतात. शेंग अरुंद व लांबट असून पिकल्यावर तडकते आणि दाणे दूर फेंकते.

आतां हिच्यासारख्या दिसणाऱ्या वेलींपासून भेद सांगतों. विदर्भांत पेरल्या जाणाऱ्या लाखेस गवताच्या पात्यासारख्या दलांची बहुधा एकच जोडी असते व खोडास पंखासारख्या कडा असतात. पिवळ्या फुलाच्या रानवाटाण्यास खरीं दलें नसून दोन मोठीं उपपर्णेंच पानांसारखीं दिसतात. बारीक अंकरीचीं फुलें अगदीं लहान, फिकट, लांब दांड्यावर झुबक्यानें येतात. तिची शेंग केसाळ असून तींत बहुधा दोनच दाणे असतात.

खरा धोका दाण्यांत आहे. मसुरीचा दाणा भिंगासारखा, कडेला धारदार असतो. अंकरीचा गोलसर, तपकिरी व ठिपकेदार असतो. साल असतांना हा भेद डोळ्यांस दिसतो. पण कांहीं वाणांची डाळ भरडल्यावर मसुरीसारखीच तांबूस दिसते. तिच्यांत सायनोअॅलानिन वर्गाचें विष असतें. १९९२ साली ऑस्ट्रेलियांतील टेट व एनेकिंग या संशोधकांनीं ‘नेचर’ या पत्रांत अशी डाळ मसूर म्हणून विकली जात असल्याकडे लक्ष वेधलें होतें. कोंबड्या व डुकरें यांसही हे दाणे बाधक आहेत; रवंथ करणारीं जनावरें तें विष त्यांच्या मानानें अधिक सहन करतात.

बंदोबस्त अवघड नाहीं, पण वेळेवर हवा. फुलें येण्यापूर्वींच वेली मुळासकट उपटून जनावरांस घालाव्या. शेंगा धरल्यावर उपटल्यास दाणे शेतांतच सांडतात. कठीण सालीमुळें कित्येक दाणे त्या वर्षीं न उगवतां पुढें उगवतात. एका वर्षाच्या खुरपणीनें समाधान मानूं नये. मसुरीचें बी पेरण्यापूर्वीं मूठभर पांढऱ्या कापडावर पसरून पाहावें व गोल दाणे दिसल्यास चाळून, निवडून काढावे. हें काम घरांतील वडील माणसें व मुलें एका दुपारीं करूं शकतात. शेतांत शिरण्यापूर्वींच तण ओळखणारा शेतकरी पुढील खुरपणीचा खर्च वांचवितो, आणि त्याची मसूर खाणाऱ्याच्या ताटांतही शुद्ध पोंचते.