दोन्ही उरकू नकोस

चि. अनिकेत यास,


तुझा प्रश्न मिळाला. सप्टेंबरमधले बारा दिवस हाताशी आहेत, पायांना काम हवं, जुनं काही नीट बघायला हवं, आणि बसमधून उतरून फोटो काढून पुन्हा चढायचं नाही. तर जॉर्जिया की आर्मेनिया? खाली हळूच एक ओळ जोडली आहेस, ‘नाहीतर दोन्ही करू का?’ आधी तिचा निकाल लावते. नको. तिबिलिसी ते येरेवान रात्रीची रेल्वे आहे, रस्त्यानेही पाच-सहा तासांत जाता येतं, म्हणूनच हा मोह होतो. पण बारा दिवसांत दोन्ही उरकणारा माणूस दोन राजधान्या, चार मठ आणि पुष्कळशा गाडीच्या काचा बघून येतो. चालणं तेवढं राहून जातं.

आता एक काय ते ठरवू. दोन्हींत सुंदर कुठला, हे मला विचारू नकोस, त्याने काहीच ठरत नाही. दिवसभर चालून आल्यावर संध्याकाळी तुला काय हवं असतं, ते मनाशी आठव. तुझ्याबरोबर किल्ले चढलेली माणसं सांगतात की सगळे चहाच्या शोधात असतात तेव्हा तू कुठल्यातरी दरवाज्याच्या चिऱ्यावर बोट फिरवत उभा असतोस. निवडीसाठी मला तेवढं पुरतं.

जॉर्जियाबद्दल आधी लिहिते, कारण तुझ्या मित्रांनी तिथलेच फोटो पाठवले असणार. त्यांतलं दगडी बुरुजांचं गाव म्हणजे स्वानेती प्रांतातलं उशगुली. मेस्तियाहून तिथवरची चार दिवसांची वाट खरोखर अव्वल आहे. झाबेशी, अदिशी, इप्रारी अशी मुक्कामाची गावं, रात्री कुणाच्यातरी घरी खोली आणि गरम जेवण. अदिशीच्या पुढे हिमनदीतून निघालेला ओढा लागतो, तो घोड्यावर बसून ओलांडायचा. मग खिंड, आणि अखेरीला 5193 मीटरच्या श्खाराच्या पायथ्याशी ते बुरुज. ते राजाने बांधलेले नाहीत. एकेका कुटुंबाने स्वतःच्या रक्षणासाठी उभारले, शत्रूपासून आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या शेजाऱ्यांच्या वैरापासूनही.

पण दिवसांचा हिशेब कर. तिबिलिसीहून मेस्तियाला गाडीने आठ-नऊ तास लागतात. लहान विमान आहे, ते हवामानाच्या मर्जीवर. जाण्यायेण्यात दोन दिवस गेले, चालण्यात चार, पावसासाठी एक राखून ठेवायचा. उरलेल्यात तिबिलिसी, म्त्स्खेता आणि फार तर काखेती. दुसरी गोष्ट अशी की तिथे संस्कृती भेटते ती जेवणाच्या मेजावर. ‘सुप्रा’ म्हणजे त्यांची मोठी पंगत. तिला ‘तामादा’ नावाचा सूत्रधार असतो, तो एकेक प्याला कुणाकुणाच्या नावाने उचलायला लावतो: शांततेच्या, पूर्वजांच्या, गेलेल्यांच्या, मुलाबाळांच्या. प्रत्येक वेळी भाषण. मग तीन निरनिराळ्या स्वरांच्या ओळी एकत्र गुंफणारं त्यांचं समूहगान. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवलेल्या तबकडीवर या गाण्यांतलं ‘चाक्रुलो’ आहे. ही पंगत रंगते ती बोलणाऱ्या, गाणाऱ्या आणि पिणाऱ्या पाहुण्यामुळे. तू पीत नाहीस (निदान असं समजायला मला आवडतं), आणि चारचौघांत दोन वाक्यं बोलायची वेळ आली की पाणी आणायला उठतोस. आपल्या सायलीने हाच प्रश्न विचारला असता तर तिला मी डोळे मिटून जॉर्जियाला पाठवलं असतं. पहिल्याच रात्री तिने त्यांच्याकडून एक गाणं उचललं असतं.

तू आर्मेनियाला जा.

देश लहान आहे, तीस हजार चौरस किलोमीटरही भरत नाही, म्हणजे महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. त्यामुळे दिवस गाडीत जात नाहीत. आणि बघायचं ते चालायच्या वाटेवरच येतं. सुरुवात उत्तरेकडे, देबेद नदीच्या दरीत कर. हाघपात आणि सानाहिन हे दहाव्या शतकातले दोन मठ, मध्ये खोल घळ, आक्नेर गाव आणि कायान किल्ल्याचे अवशेष. एका मठातून निघून दुसऱ्यात पोचायला अर्धा दिवस लागतो. गाडीने वीस-पंचवीस मिनिटांत होतं, पण तसं गेलास तर दोन्ही मठ सारखेच वाटतील. सानाहिनच्या दालनात जमिनीवर थडग्यांच्या शिळा फरशीसारख्या बसवल्या आहेत, येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय त्यांवर पडतात. तू पाय उचलून बाजूने जायला बघशील. जाऊ नकोस, पाय पडावेत हीच निजलेल्यांची इच्छा होती. नामदेवांच्या पायरीपाशी उभा राहिलेला तू, तुला हे समजवावं लागणार नाही.

त्याच गावात एक मिग-21 विमान उभं दिसेल, दचकू नकोस. मिग विमानांचा रचनाकार आर्तेम मिकोयान सानाहिनचा. हीच विमानं पुढे आपल्या नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात बनली.

तिथून दिलिजानच्या जंगलात जा. पार्झ तळ्यापासून गोशावांक मठापर्यंत झाडीतली वाट आहे. मठात 1291 सालचा एक ‘खाचकार’ आहे, म्हणजे क्रूस कोरलेली उभी शिळा. पोघोस नावाच्या कारागिराने दगडात जाळी विणली आहे. देशभर असे हजारो खाचकार आहेत, एकासारखा दुसरा नाही. सगळे बघायला धावू नकोस, या एकापाशी वही काढून बस.

येरेवानला आल्यावर मातेनादारान हे हस्तलिखितांचं भांडार चुकवू नकोस. मेस्रोप माश्तोत्सने 405 च्या सुमारास आर्मेनियन लिपी घडवली, आणि राज्यं गेली तरी ही माणसं पोथ्या सांभाळत राहिली. मूशची प्रवचनं नावाचा प्रचंड ग्रंथ तिथे आहे. 1915 च्या नरसंहारात तो एकटीला उचलेना, म्हणून दोन बायकांनी अर्धा अर्धा करून वाचवला, असं तिथे सांगतात. हे बघून झाल्यावरच त्सित्सेर्नाकाबेर्दच्या नरसंहार-स्मारकावर जा, आधी नको. नुसता मृत्यूंचा आकडा ऐकून माणूस सुन्न होतो, पण त्यांनी काय सांभाळलं होतं ते त्याला कळत नाही.

गेघार्द तिथून जवळ आहे. तेराव्या शतकात डोंगर कोरून केलेली दालनं, उजेड छतातल्या एका भोकातून. वेरूळ पाहिलेला माणूस कोरीवकामाने आ वासणार नाही. वरच्या दालनात कुणी गात असलं तर मात्र जागचा हलणार नाही.

दक्षिणेला दोन रात्री गोरिसमध्ये काढ. वाटेत नोरावांक लागेल. मोमिकने बांधलेल्या दुमजली चर्चच्या दर्शनी भिंतीतून अरुंद पायऱ्या बाहेर आल्या आहेत, कठडा नाही. चढताना तुला काही वाटणार नाही, उतरताना वाटेल. तातेवला 5.7 किलोमीटरची रोपवे आहे. जाताना तिच्यात बस, पण त्या दिवसाचा मोठा वाटा जुन्या ख्न्झोरेस्कला दे. दरीच्या उतारावर कोरलेली घरं आहेत तिथे, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत माणसं राहत होती. उतरायला आणि पुन्हा चढायला पाय लागतात, म्हणून गर्दी कमी.

खाण्याची तुझ्या आईला काळजी आहे, तिला सांग की मुलगा उपाशी राहणार नाही. लवाश रोटी, चीज, वांगी, डाळीचं सूप सगळीकडे मिळतं. गोरिसमध्ये ‘झेंग्यालोव हात्स’ माग: अनेक प्रकारचा पाला बारीक चिरून भरलेली पोळी. ती मूळची शेजारच्या काराबाख प्रदेशातली. 2023 च्या सप्टेंबरमध्ये तिथून लाखभर आर्मेनियन माणसं घरदार सोडून आली, आणि ती याच गोरिसच्या रस्त्याने. पोळी भाजणाऱ्या बाईंना ‘तुम्ही कुठल्या?’ असं सहज विचारू नकोस. त्या आपणहून बोलल्या तर ऐक.

आरागात्स डोंगर चढायचा विचार असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांत नको. गाडी थेट कारी तळ्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ 3200 मीटरवर नेऊन सोडते, आणि आपल्याला वाटतं आपण ताजेतवाने आहोत. शेवटी ठेव, पहाटे नीघ, दुपारच्या विजांआधी खाली ये. धनगरी कळप दिसला तर लांबून वळसा घाल. कुत्रे आले तर पळू नकोस, थांब आणि राखणदाराला हाक मार. सरहद्दीजवळच्या पाऊलवाटांवर स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नकोस.

जॉर्जिया पुढच्या खेपेला, सलग तीन आठवडे काढून आणि जमलं तर सायलीला बरोबर घेऊन. तोवर दिवाळीत गोव्याला जाशील तेव्हा जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मनोऱ्याखाली तासभर घालव. जॉर्जियाची राणी केतेवान हिला 1624 मध्ये शिराझला मारलं, आणि तिच्या अस्थींचा काही भाग ऑगस्टिनियन साधूंनी इथे आणून ठेवला. उत्खननात हाड सापडलं, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासला गेला, आणि 2021 साली आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी ते तिबिलिसीत नेऊन सुपूर्द केलं.

तारखा ठरल्या की कळव. माझी छोटी पाठपिशवी आणि काठ्या घेऊन जा, इथे त्या धूळ खात पडल्या आहेत.

तुझी,
आत्या

ता. क. – व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात, तेव्हा कुणाच्या सांगण्यावर न जाता सरकारी संकेतस्थळ बघ. राहण्याची नोंदणी, परतीचं तिकीट आणि विमा यांच्या छापील प्रती जवळ ठेव. तुर्कस्तान आणि अझरबैजानकडून आर्मेनियात शिरायचे रस्ते बंद आहेत. जाताना किंवा येताना जॉर्जियातून गेलास तर व्हिसा दोन्हीकडचे लागतील, हे तिकीट काढण्याआधी बघ.