सुटा कळफलक व आपलें मराठी लेखन

अलीकडे अनेक घरीं एक प्रश्न निघूं लागला आहे. दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलास अथवा मुलीस संगणक घेऊन द्यावा, कीं ज्याचा कळफलक हवा तेव्हां जोडावा व नको तेव्हां काढून ठेवावा असा उंची टॅब्लेट द्यावा? हा प्रश्न केवळ सधनांचा आहे असें मात्र कोणी समजूं नये. हप्त्यांनीं कां होईना, अशी वस्तु घेऊं पाहणारीं शेतकरी कुटुंबेंही आपल्या परभणी जिल्ह्यांत आहेत. नित्याच्या कामांत ह्या यंत्राचा उपयोग कितपत होतो, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचें आम्हीं योजिलें आहे.

२०१० सालीं ॲपल कंपनीचा आयपॅड विक्रीस आला. त्याची योजना मुख्यतः वाचणें, पाहणें व ऐकणें यांसाठीं होती. लिहावयाचें तें कांचेवर उमटलेल्या अक्षरांवर बोट ठेवून. २०१२ सालीं मायक्रोसॉफ्टनें सरफेस नांवाचा टॅब्लेट आणिला. त्याचें पातळ आवरण उघडलें कीं तेंच कळफलक होई. नोव्हेंबर २०१५ मध्यें आयपॅड प्रोसही तसा कळफलक मिळाला. अशा कळफलकास बहुधा निराळी विजेरी नसते. टॅब्लेटच्या कडेस किंवा पाठीस धातूचे लहान ठिपके असतात. त्यांतूनच त्यास वीज मिळते व दाबलेल्या कळेची वर्दी आंत पोहोंचते. दोन्ही वस्तु लोहचुंबकानें चिकटून राहतात, म्हणून जोडणें व सोडविणें क्षणाचें काम होतें.

आतां किंमत पाहूं. मे २०२४ मध्यें अकरा इंची आयपॅड प्रो भारतांत ९९,९०० रुपयांपासून विक्रीस आला, आणि त्याच्या कळफलकाचे २९,९०० रुपये निराळे. बेरीज १,२९,८०० रुपये. त्याच वर्षाच्या खरिपासाठीं सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ४,८९२ रुपये होता. म्हणजे सुमारे साडेसव्वीस क्विंटल सोयाबीन ह्या एका यंत्रापायीं खर्चीं पडावयाचें. आणि हमीभाव पुरता पदरांत पडतोच असें नाहीं, हें पालकांस आम्हीं सांगावयास नको.

एवढ्या मोलानें काय साधतें? वाचन उत्तम साधतें. बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें पीडीएफ स्वरूपांत मोफत मिळतात. फोनवर त्यांचें पान सरकवीत बसावें लागतें, तें येथें अखंड दिसतें. कागदाचें छायाचित्र घेऊन अर्जास जोडणें, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतरवून घेणें, घरचा व शेतीचा जमाखर्च रकान्यांत मांडणें, हीं कामें सुखानें होतात. उलट, १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत सुरू झालेली ई-पीक पाहणी शेतांत उभें राहून करावयाची असते. तेथें खिशांतला फोनच बरा. कांचेवर दोन पानांचा अर्ज लिहावयास बसलें असतां मात्र जीव मेटाकुटीस येतो, कारण अर्धा पडदा अक्षरांच्या चौकटींनींच व्यापिला जातो. म्हणजे ज्या कामांसाठीं हें यंत्र फोनहून खरोखर सरस ठरतें, त्यांतील बहुतेकांचें श्रेय कळफलकाचें आहे. आणि हजार-दोन हजार रुपयांस मिळणारा साधा बिनतारी कळफलक घरांतील जुन्या टॅब्लेटला, इतकेंच नव्हे तर फोनलाही, जोडतां येतो. आधीं तो घ्यावा, वर्षभर त्यावर लिहावें, आणि मग साडेसव्वीस क्विंटलांचा विचार करावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

विद्यार्थी मित्रहो, यापुढील भाग विशेषतः तुमच्यासाठीं आहे. पुष्कळ मुलें मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहितात व त्यांचें देवनागरी करण्याचें काम यंत्रावर सोंपवितात. निरोपापुरतें तें चालेल. अर्जास चालणार नाहीं. १९८६ सालीं भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागानें इन्स्क्रिप्ट नांवाची कळांची मांडणी प्रमाण ठरविली. तिची रचना बाराखडी जाणणाऱ्यास लवकर उमजते. डाव्या हाताखालीं स्वर व त्यांचीं चिन्हें, उजव्या हाताखालीं बहुतेक व्यंजनें. क व ख एकाच कळेवर. साध्या दाबानें क, शिफ्टसह ख. ग-घ, च-छ, त-थ, प-फ यांचेंही तसेंच.

जुन्या टंकलेखन यंत्रावर अक्षराची आकृति जुळवावी लागे. 'कि' लिहितांना वेलांटी आधीं व क मागाहून. इन्स्क्रिप्टमध्यें उच्चाराचा क्रम पाळावयाचा, म्हणून क आधीं, वेलांटी नंतर. 'पूर्णा' लिहावयाचें तर प, दीर्घ ऊकार, र, हलन्त, ण, काना. रफार ण च्या डोक्यावर दिसला तरी र आधीं उच्चारिला जातो, म्हणून तो आधींच दाबावयाचा. ज्याचें कान शब्द नीट ऐकतें, त्याचीं बोटें येथें चुकत नाहींत.

मराठीची एक खुबी मात्र मुद्दाम शिकावी लागते. 'आचार्यास' म्हणजे गुरूस, आणि 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक्यास. पहिल्यांत साधा र, हलन्त, य. दुसऱ्यांत र च्याच कळेवर शिफ्टसह मिळणारा ऱ, हलन्त, य. हा भेद न कळल्यामुळें 'शेतकऱ्यांचा' हा शब्द कित्येक छापील अर्जांतही बिघडलेला आढळतो.

हें कौशल्य केवळ हौसेचें नव्हे. लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी जागेसाठीं सामान्यतः मराठी टंकलेखनाची मिनिटास ३० शब्दांची गति मागतात, आणि महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद संगणक टंकलेखनाची परीक्षा ३० व ४० शब्दांच्या गतीसाठीं घेते. संस्थेंत नांव घालतांना तेथें जुन्या यंत्राची मांडणी शिकवितात कीं इन्स्क्रिप्ट, हें आधीं विचारावें. विंडोज प्रणालींत मराठी इन्स्क्रिप्ट अंतर्भूतच असतें. इतर टॅब्लेट घेतांना दुकानांतच कळफलक जोडून चार मराठी ओळी लिहून पाहाव्या. शालान्त परीक्षेची उत्तरपत्रिका अर्थात् हातानेंच लिहावयाची आहे, तेव्हां वही बाजूस ठेवूं नये.

आपल्या हवेविषयीं एक सूचना करावीशी वाटते. पुष्कळ टॅब्लेटांचे निर्माते ते ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या उष्णतेंत वापरावे असें सांगतात, आणि परभणीचा उन्हाळा चाळीस अंशांपलीकडे जातो. म्हणून वैशाखांत दुपारीं पत्र्याखालच्या खोलींत असें यंत्र वीज भरावयास लावूं नये; विजेरीचें आयुष्य त्यानें घटतें.

सरावास आपल्याच तालुक्यांचीं नांवें घ्यावीं. आरंभीं सेलू, पालम, पाथरी, मानवत, मग जिंतूर, सोनपेठ, गंगाखेड, शेवटीं पूर्णा. दोन्ही तर्जन्यांच्या कळांवर लहान उंचवटे असतात; डाव्या तर्जनीखालीं ऱ्हस्व वेलांटी व उजव्या तर्जनीखालीं र, तेव्हां कळांकडे न पाहतां बोटें तेथें परत आणावीं. आठवड्यानंतर 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द लिहून पाहावा. शिफ्ट वगळून त्यास तेरा कळा लागतात. बाराच लागल्या, तर कोठें तरी हलन्त किंवा अनुस्वार राहिला आहे.